रांगेतला शेवटचा

रविवारी लेओकादिया जेवायला येणार होती, म्हणून शनिवारी संध्याकाळी कासिल्दाला देवळात जावं लागलं.

दोन्या ओब्दुलियांना ओळखणाऱ्या कुणालाही यात वावगं वाटलं नसतं. ओब्दुलिया म्हणजे कासिल्दाच्या सासूबाई; 'दोन्या' हे तिकडे वडीलधाऱ्या बाईच्या नावाआधी मानाने लावतात. त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून रस्त्यापलीकडची टेकडी दिसे आणि टेकडीवर ते देऊळ. मुळात ते ईजिप्तमधलं, नाईलच्या काठचं. धरणाच्या पाण्यात बुडायला लागलं तेव्हा दगड न् दगड सुटा करून, पेट्यांत भरून, बोटीवर चढवून माद्रिदला आणलं आणि इथे पुन्हा रचलं. ओब्दुलिया लग्न होऊन या घरात आल्या तेव्हापासून त्या आणि देऊळ समोरासमोर राहत होते. त्याच्याकडे बघत त्यांनी चादरी वाळत घातल्या, मटार सोलले, नवऱ्याशी त्या भांडल्या. नवरा गेल्यावर त्याच्याकडे बघत एकट्याच भांडल्या. पण आत पाऊल म्हणून टाकलं नव्हतं. "कुठे पळून जातंय का ते?" असं त्यांचं म्हणणं.

अडचण एवढीच, की सारागोसात राहणाऱ्या नणंदेला, म्हणजे लेओकादियाला, त्यांनी इतकी वर्षं फोनवर वेगळंच भासवलं होतं. 'परवाच जाऊन आले. मन कसं शांत होतं तिथे गेलं की.' आता लेओकादिया म्हणत होती, या खेपेला तू स्वतः मला दाखव.

"तू जाऊन बघून ये," सासूबाई कासिल्दाला म्हणाल्या. "डाव्या हाताला काय, उजव्या हाताला काय, जिना आहे का, असला तर कुठे. आणि रात्री मला नीट सांग. उद्या मी अशी दाखवेन त्या सटवीला, की तिला वाटेल मीच बांधलंय."

"फेर्मीन येईल का सोबत?" कासिल्दाने विचारलं.

फेर्मीन, तिचा नवरा, सोफ्यावर आडवा पडून टीव्हीवर सायकलींची शर्यत बघत होता. "डोंगर चढतायत," तो म्हणाला. त्याच्याही कपाळावर घाम होता.

लग्न वसंतात झालं होतं आणि अजून पुरता उन्हाळाही सरला नव्हता. कासिल्दा सोरियाकडच्या एका थंड, वाऱ्याच्या गावची. तिकडची माणसं बोलण्याआधी थोडं थांबतात, आणि थांबल्यावर बरेचदा बोलायचं राहूनच जातं. सासूबाईंची तिच्याबद्दल मुख्य तक्रार हीच होती. ही मुलगी थांबते. मासळीच्या दुकानात थांबते, पावाच्या दुकानात थांबते आणि सगळ्यांचं घेऊन झालं की उरलंसुरलं घेऊन घरी येते. सासूबाईंची स्वतःची रीत निराळी होती. त्या पंखा हलवत सरळ पुढे जायच्या, "फक्त एक विचारायचंय हं," म्हणायच्या, आणि कुणी काही बोलायच्या आत मासा पिशवीत पडलेला असायचा.

"तुझ्या डोक्यावर पाय देऊन जग पुढे जाईल," त्या म्हणत. "आणि तू त्याला म्हणशील, सांभाळून हं, पाय घसरेल."

कासिल्दाने सुती टोपी घातली आणि ती निघाली.

टेकडीवर ऊन अजून चांगलंच होतं, पण तिरपं झालं होतं. उथळ हौदात जेमतेम घोटाभर पाणी, त्या पाण्यात एकामागे एक उभ्या दोन दगडी वेशी आणि त्यांच्यामागे ते बुटकं, घट्ट, काही न बोलणारं देऊळ. आत एकावेळी थोड्याच लोकांना सोडत. दाराशी परदेशी मुलामुलींची ओळ फोन वर धरून उभी होती. बाकीचे बाकांवर, झाडांखाली, जिथे सावली मिळेल तिथे.

कासिल्दाच्या लेखी दाराशी चिकटून उभं राहणं म्हणजे रांग नव्हे. तिच्या गावी, आणि माद्रिदमधल्या जुन्या माणसांतही, रांग तोंडाने लागते. आलेल्याने मोठ्याने विचारायचं, "शेवटचं कोण?" कुणीतरी म्हणतं, "मी." तो चेहरा लक्षात ठेवायचा. त्याच्यामागे आपण. मग खुशाल सावलीत बसा, गप्पा मारा. फक्त आपल्यामागे कुणी येऊन तोच प्रश्न विचारेपर्यंत तिथून हलायचं नाही, नाहीतर साखळी तुटते. लहानपणी ती पावाच्या दुकानातून एकदा अशी न सांगता निघून आली होती, तर आईने तिला कान धरून परत नेलं होतं.

म्हणून ती सावलीकडे तोंड करून म्हणाली, "शेवटचं कोण?"

परदेशी मुलांनी वर बघितलं नाही. एक कबुतर जरा बाजूला सरकलं.

"मी," कुणीतरी म्हणालं.

आवाज जुन्या पाइनखालच्या बाकावरून आला होता. बरेच दिवस बंद असलेल्या नळातून आधी नुसता घुर्रर्र आवाज यावा आणि मग पाणी, तसा. बाकावर एक म्हातारा बसला होता. अंगात तपकिरी लोकरी ओव्हरकोट, कॉलर वर केलेली. जुलैमध्ये. आजारी असेल बिचारा, कासिल्दाच्या मनात आलं.

"मग मी तुमच्यामागे हं," ती म्हणाली.

म्हाताऱ्याने मान वळवली. फार हळू वळवली. "काय म्हणालात?"

"तुमच्यामागे. तुमच्यानंतर माझा नंबर."

"पुन्हा एकदा म्हणाल का?"

गावाकडे सगळेच म्हातारे कानाने अधू. तिने पुन्हा, सावकाश, एकेक शब्द सुटा करून सांगितलं. ऐकता ऐकता म्हाताऱ्याचे डोळे भरून आले. "देव तुमचं भलं करो, बाई," तो म्हणाला. "कुठलाही करो."

ती बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली. बसली आणि तिला वास आला. त्या दिवसांत माद्रिदला तापलेल्या धुळीचा वास असतो, तळणाच्या तेलाचा असतो. हा वास ओल्या गाळाचा होता. पूर ओसरल्यावर नदीकाठी येतो तसला, थंड आणि जड. नदी तर टेकडीखाली, लांब. तिने नकळत खाली पाहिलं. म्हातारा अनवाणी होता. पायाच्या बोटांत काळा चिखल होता आणि तो ओला होता. पायाखालची माती भेगाळलेली, पाऊस पडून महिना झालेला, आणि चिखल ओला.

दाराशी रखवालदाराने काही जणांना आत सोडलं. ते आले बाहेर. मग पुढचे गेले. तेही आले. ओळ संपत आली तरी म्हातारा जागचा हलेना. कासिल्दाला संकोच वाटला, पण उशीर होत होता.

"आजोबा, तुमचा नंबर येऊन गेला नाही ना?"

"छे, आता येईल. तुम्ही आलात ना." तो तिच्याकडे वळला. त्याला बोलायचं होतं. पेन्शनर लोकांना बाकावर ओळख झाली की बोलायचं असतं तसं. "मी कधीचा बसलोय म्हणून सांगू? देऊळ तिकडे होतं ना, नदीवर, तेव्हाचा. माझ्यापुढे ही गर्दी. सगळे गेले एकेक करून आत. राहिलो मी. शेवटच्याने मागचा आल्याशिवाय आत जायचं नाही, असा नियमच आहे. म्हटलं, येईल कुणीतरी. पण नंतर लोकांनी देवच बदलले. मग कोण येतंय?"

"हो का," कासिल्दा म्हणाली. वेड्या माणसाशी कसं वागायचं ते गावाकडे सगळ्यांना येतं. हो म्हणायचं.

"मग एक दिवस पाणी चढलं. वर्षातले कितीतरी महिने गळ्यापर्यंत पाण्यात उभा असायचो. तेही चाललं असतं. पण हे लोक आले, दगड सोडवले, पेट्यांत भरले आणि निघाले! सूचना नाही, काही नाही. रांगेत माणूस आहे, त्याला सांगावं तरी, की बाबा, आम्ही अमुक ठिकाणी जातोय. मी आपला पेटीवर बसून आलो. बोटीत ओकून ओकून जीव गेला..." तो थांबला. "म्हणजे, म्हणायची पद्धत."

"आणि हा कोट?"

"पहिल्याच हिवाळ्यात कुणीतरी बाकावर विसरलं. काय थंडी आहे हो तुमच्याकडे! वाळवंटातल्या माणसाने कुठे जायचं?"

कासिल्दा हसली. मग तिच्या लक्षात आलं, की तो बोलत असताना त्याची छाती हलत नव्हती. बोलताना नाही आणि बोलणं थांबल्यावरही नाही.

"आत..." तिने हळूच विचारलं, "आत काय असतं, आजोबा?"

"तराजू," तो म्हणाला. दवाखान्यात बायका एकमेकींना सांगतात ना, इथे रक्त घेतात, दुखत नाही, तशा सुरात. "एका पारड्यात तुमचं काळीज. दुसऱ्यात एक पीस. फार वेळ नाही लागत म्हणे. परत मात्र कुणी येत नाही. म्हणजे आम्ही लोक येत नाही."

"आम्ही म्हणजे..."

"मेलेले."

पाइनमध्ये एक किडा किरकिरत होता. तो गप्प झाला.

"मी मेलेली नाहीये," कासिल्दा म्हणाली. भांडण म्हणून नव्हे. दुकानदाराने चुकून दुसऱ्याचा पाव हातात दिला तर सांगावं, तसं.

"ते कुणी विचारत नाही," म्हातारा हळुवारपणे म्हणाला. "नंबर लावलात ना? तीनदा बोललात. हल्ली कुणी विचारतच नाही हो. येतात आणि दाराला जाऊन चिकटतात. इतक्या वर्षांत तुम्हीच पहिल्या, रीतसर विचारणाऱ्या." तो उठला. कोटाची बटणं एकेक करून सोडली, पुन्हा लावली, आणि तरीही त्यातून बाहेर आला. कसा, ते कासिल्दाला दिसलं नाही. "बसा निवांत. कुणी येऊन विचारलं की 'मी' म्हणायचं. की झालं, तुमचाही नंबर."

बाकावर रिकामा कोट बसून राहिला, बटणं लावलेला.

पायवाटेवर कुणीही नव्हतं. पण हौदाच्या पाण्यात, उलटं, एक उंच सडपातळ काहीतरी पांढऱ्या पट्ट्यांमध्ये गुंडाळलेलं, पहिल्या वेशीतून दुसऱ्या वेशीकडे चाललं होतं. आतुर माणूस चालतो तसं, भराभरा. दाराशी रखवालदाराने एकदम शहारून खांदे आखडले आणि आकाशाकडे बघितलं.

कासिल्दा उठली. धावली नाही, धावणं तिच्या स्वभावात नव्हतं. टोपी सावरली, बागेच्या पायऱ्या उतरली, समोर रस्ता दिसला, घराची खिडकी दिसली, खिडकीत वाळत घातलेला फेर्मीनचा बनियन दिसला. तिने शेवटच्या पायरीवरून पाऊल खाली टाकलं.

ते पाइनच्या मुळांवर पडलं. पुढ्यात बाक, बाकावर कोट.

पुन्हा गेली. या वेळी दुसऱ्या बाजूने, मुलांच्या झोपाळ्यांजवळून. तिथे एक आजी नातवाला म्हणत होती, "उतर आता, नाहीतर इथेच सोडून जाईन." कासिल्दाने फाटक ओलांडलं आणि गाळाचा वास आला. बाक. कोट. कोटाची कॉलर मघापेक्षा जरा तिच्याकडे वळलेली.

तिने फोन काढला.

"फेर्मीन, मला इथून निघता येत नाहीये."

"रांग मोठी आहे का?"

तिने इकडेतिकडे पाहिलं. "नाही. मी एकटीच आहे."

"मग?"

"मी शेवटची आहे, फेर्मीन."

"मग पहिलीही तूच असशील की!" तो स्वतःच्याच विनोदावर हसला. मागे टीव्हीवर कुणीतरी डोंगर चढत होतं. "अगं, आवाजाला काय झालंय तुझ्या? रडतेस का?"

"फेर्मीन, ऐक ना..."

"बरं बरं, थांब. आईला पाठवतो. रांगांचं आई बघते."

आता थांबायचं होतं. थांबणं तिला येत होतं. आयुष्यभर तीच एक गोष्ट तिने नीट केली होती. पण आज तेवढ्याने भागणार नव्हतं. आज तिला उत्तर द्यायचं नव्हतं. कुणी विचारलं आणि तोंडून 'मी' गेलं, की नंबर आला. नाही गेलं, तर हा बाक, पुढच्या हिवाळ्यात हा कोट आणि खिडकीतला तो बनियन, कायमचा समोर.

आणि माणसं तरी कधी यावीत! एरवी या बागेत सभ्य माणूस शोधून सापडत नाही. आज नेमका एक गृहस्थ आला, पांढरी मिशी, हातात काठी, सदऱ्याला इस्त्री. त्याने टोपी काढली आणि सावलीकडे वळून तो अदबीने म्हणाला, "शुभ संध्याकाळ. शेवटचं कोण, कृपया?"

कासिल्दाने ओठ दातांखाली धरला.

"शेवटचं कोण?" त्याने पुन्हा विचारलं आणि तिच्याकडेच बघितलं. "सेन्योरा, तुम्ही का?"

तिच्या सगळ्या घराण्यात आजवर कुणी या प्रश्नाला उत्तर दिल्याशिवाय राहिलं नव्हतं. जीभ आपोआप टाळूकडे निघाली होती. मान होकारार्थी हलू पाहत होती, ती तिने दोन्ही हातांनी धरून ठेवली. शेजारच्या कोटाची बाही तिच्या बाहीला लागली. थंड होती. ढोसल्यासारखी लागली.

"बहिऱ्या दिसतात," गृहस्थ स्वतःशी म्हणाला. मग जरा मोठ्याने, "किंवा उद्धट," असं म्हणून तो दाराकडे गेला.

उद्धट! कासिल्दाला भीतीने नव्हे, तर लाजेने रडू फुटलं.

डोळे पुसून वर बघते, तर हौदाच्या कडेने काळा पंखा येताना दिसला. पंख्यामागे सासूबाई. घरातलाच फुलाफुलांचा झगा, पण ओठांना लाली. लालीशिवाय त्या कचराही टाकायला जात नसत.

"काय हे!" त्या लांबूनच म्हणाल्या. "थंड करून ठेवलेलं गास्पाचोचं सूप गरम व्हायला लागलं तिकडे! एवढंसं देऊळ, त्याला संध्याकाळ लागते? आणि हा कोण, कोट घालून? सरका हो जरा, बाईमाणसाला बसू द्या."

आणि त्यांनी कोट उचलून बाकाच्या पाठीवर टाकला. तो टाकल्यासारखा पडून राहिला.

कासिल्दाने सांगितलं. आयुष्यात एका दमात एवढं ती कधी बोलली नव्हती. म्हातारा, नंबर, तराजू, पायऱ्या उतरून पुन्हा इथेच येणं. सासूबाई पंखा हलवत ऐकत होत्या. हसतील, नाहीतर ओरडतील, असं तिला वाटलं. पण त्यांनी मध्ये एकदाच विचारलं.

"देऊळ हलवलं आणि त्याला सांगितलं नाही?"

"नाही."

"काय माणसं असतात! आपला मासेवाला दुकान बदलून गेला, तर निदान दारावर चिठ्ठी लावली होती." त्यांनी पंखा फाटकन मिटला. "आणि तू? जिवंत बाई तू, विचारायला गेलीसच कशाला? मी मेले ते सांगून सांगून. मी कधी विचारते का, शेवटचं कोण म्हणून? कधी म्हणजे कधी? मग मला धरलंय का कुणी रांगेत?"

हे मात्र खरं होतं. आख्ख्या माद्रिदमध्ये त्या रांगेचा हात जिच्यापर्यंत पोचू शकत नव्हता, अशी बाई बहुधा एकच होती.

"बस इथेच," सासूबाई म्हणाल्या. "आणि तोंड उघडू नकोस. ते तुला अवघड नाही जाणार."

सूर्य आता टेकडीच्या कडेशी टेकला होता. रखवालदार दार ओढून घेत होता.

"बंद झालं, सेन्योरा. उद्या या."

"फक्त एक विचारायचंय हं," सासूबाई म्हणाल्या आणि त्याच्या काखेखालून आत गेल्या.

रखवालदार हात तसाच वर धरून उभा राहिला. आत जाऊन त्यांना बाहेर काढायचं त्याच्या मनात असावं. पण त्याने दाराच्या काळ्या फटीतून आत नुसतं पाहिलं, एक पाऊल मागे घेतलं आणि मग किल्ल्या तपासायला लागला, खूप वेळ, एकेक करून.

आधी काहीच ऐकू आलं नाही. मग दगडांमधून, खोल विहिरीतून यावा तसा, सासूबाईंचा आवाज आला.

"...नाही, नंबरबिंबर नाही माझा, मला फक्त एक विचारायचंय..."

मग स्तब्धता. कुणीतरी उत्तर देत असेल एवढीच लांब. पण त्या जागी आवाज नव्हता. फक्त हौदातलं पाणी काठावरून किंचित मागे सरत होतं आणि पुन्हा येत होतं.

"...ते मला सांगू नका. तुमच्यावर कोण आहे? त्यांना बोलवा..."

पाणी मागे सरलं. जरा जास्त सरलं.

"...हो, तुम्हीच का? बरं. तोंड असं का तुमचं, कोल्ह्यासारखं? ते असू दे. ती बाहेर बसलेली मुलगी. चुकून झालंय. गावाकडची आहे, तिला कुठे काय बोलावं कळत नाही... अहो, लेकरू आहे ते! कालपरवा तर लग्न झालंय. मी म्हणते ना. आमच्या घरची आहे ती."

कासिल्दा हे ऐकत होती आणि तिला वाटलं, आता मेलं तरी चालेल. मग वाटलं, नको, नको, असलं काही इथे बसून मनातही आणू नये.

यानंतर बराच वेळ आतून काही आलं नाही. टेकडीवर सूर्यास्त बघायला जमलेल्या मुलांनी टाळ्या वाजवल्या, रोज वाजवतात. कुणीतरी गिटार छेडली. गाळाचा वास दाट झाला, इतका की तोंडात रेती आल्यासारखी वाटली. शेवटी आतून पुन्हा सासूबाईंचा आवाज आला. पण त्यात भांडण नव्हतं. असा आवाज त्यांना होता, हेच कासिल्दाला ठाऊक नव्हतं.

"...किती?"

पाणी हललं.

"...एवढंच?"

मग अनवाणी पावलांचा आवाज. ओल्या दगडावर, एकाचा नव्हे. मग दार करकरलं.

सासूबाई बाहेर आल्या. रखवालदाराने त्यांच्यामागे दार लावलं. त्यांचा पंखा मिटलेला होता. जुलै महिना, उकाड्याने झाडं गळून गेलेली, आणि सासूबाईंच्या हातात मिटलेला पंखा. ओठांची लाली तेवढी जागच्या जागी होती. तिच्याभोवतीचा चेहरा चुन्यासारखा.

"चल घरी," त्या म्हणाल्या.

"जाता येईल?"

"चल म्हटलं ना."

पायऱ्या उतरल्या. शेवटच्या पायरीवर कासिल्दाने डोळे मिटून पाऊल टाकलं, आणि पायाखाली रस्ता आला. तापलेला, सपाट, बसच्या धुराचा साधा रस्ता. तिला त्याचा मुका घ्यावासा वाटला.

"झालं, दोन्या ओब्दुलिया? निघालं माझं नाव?"

सासूबाई समोर बघत होत्या. "रांगेतून नाव कुणाचंच निघत नाही म्हणे. मागे सरकवता येतं. घेतलं मी सरकवून."

"किती मागे?"

"दिवा बघ, पोरी. गाडी येतेय." आणि त्यांनी रस्ता ओलांडायला कासिल्दाचा हात धरला. हात बर्फासारखा होता. पलीकडे पोचल्यावरही त्यांनी तो सोडला नाही, जिन्यातही नाही. दारात फेर्मीन उभा होता. "कोण जिंकलं, विचार ना," तो म्हणाला. त्या दोघींनीही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी लेओकादिया आली. घाम पुसत, सोबत सारागोसाची मिठाई आणि तक्रारी घेऊन. जेवण झालं. तिने खुर्ची खिडकीकडे वळवली.

"हं, मग? निघायचं का तुझ्या देवळात? आत आहे तरी काय?"

कासिल्दाने खिडकीकडे पाठ केली. पण सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "काही नाही. दगड."

"एवढी वर्षं फोनवर तर काय काय सांगत होतीस!"

"खोटं सांगत होते," सासूबाई म्हणाल्या.

लेओकादियाने फेर्मीनकडे बघितलं. फेर्मीनने टीव्हीचा आवाज कमी केला. त्या घरात हे पहिल्यांदाच घडत होतं. हार मानलेली भावजय बघायची लेओकादियाची कित्येक वर्षांची इच्छा होती, पण आता समोर आल्यावर तिला ते बघवेना. "बरं नाही का वाटत तुला?" तिने विचारलं.

"मला काय धाड भरलीय? मी ठणठणीत आहे. अजून पुष्कळ वर्षं आहे."

हे त्या कुणी आकडाच सांगितला असावा अशा खात्रीने म्हणाल्या.

सासूबाईंनी फळांची परडी पुढे ओढली. त्यातलं सगळ्यात मोठं, पिकलेलं पीच निवडलं. सुरीने त्याची साल काढायला लागल्या, हळूहळू, एक सलग फीत निघेल अशी. त्या घरात ज्याने त्याने आपापलं फळ सोलून खायचं, अशी रीत. फेर्मीन लहान असतानाही त्याला त्यांनी कधी सोलून दिलं नव्हतं, असं तो नंतर म्हणाला. त्याने बशी पुढे केली. सासूबाईंनी ती बाजूला सारली. फोडी केल्या, एकेक करून कासिल्दाच्या ताटात ठेवल्या, गोल, फुलासारख्या. मग तिच्या कपाळावर आलेले केस त्यांनी ओल्या बोटाने मागे सारले. तिच्या डोळ्यांकडे मात्र बघितलं नाही.

"अगंबाई," लेओकादिया म्हणाली, "सुनेचे एवढे लाड?"

कासिल्दा ताटाकडे बघत बसली. टोमणा येईल म्हणून तिने वाट पाहिली. थांबते म्हणतील, उरलंसुरलं आणते म्हणतील, काहीही म्हणतील. टोमणा आला असता तर ती त्या क्षणी आनंदाने रडली असती.

"पोट भरलंय," ती हळूच म्हणाली. "संध्याकाळी खाते, दोन्या ओब्दुलिया."

"नाही, बाळ," सासूबाई म्हणाल्या. इतक्या मायेने, की कासिल्दाच्या मानेवरचे केस उभे राहिले. "आत्ताच खा. संध्याकाळवर नको ठेवूस."